मात्शें रावात

एस्पेरान्साबाय आली तेव्हा मी नुकताच जेवून उठलो होतो.
पिशवीत एक नीरफणस
आणि नीरफणसाच्या चिकाला चिकटलेला पेनड्राइव्ह.
"भुरग्यान धाडलां. सरान आयकूंक जाय म्हणटा."
एवढं बोलून गेली, पाणीसुद्धा न पिता.

गाणी नऊ, मिनिटं अडतीस.
शाळेच्या तासाहून दोन कमी.
हळदोण्यात तीन वाजले होते, म्हणजे
कुत्रीसुद्धा कूस बदलायचं उद्यावर ढकलतात ती वेळ.
बायकोनं भजनांसाठी घेतलेल्या रेडिओत
पेनड्राइव्ह खुपसला आणि बसलो
समोरच्या खुर्चीवर पाय टाकून,
पेपर तपासायला बसावं तसा.

पहिल्या गाण्यात काही घडेचना.
एक गिटार आली, दारातच चपला काढत उभी राहिली.
दुसरी तिला म्हणाली, बस की.
बास म्हणजे माडीवर कुणीतरी येरझाऱ्या घालतंय,
कुठं जायचं नाहीये त्याला.
मुलगी गाते इंग्रजीत, मध्येच कोंकणीत,
शब्द अर्धे गिळून,
फोन खांद्यात धरून सुंगटं सोलावीत तशी.

आणि डेल्विनचे ड्रम.
उशिरा.
फार नाही, केसभर.
एक, दोन, तीन,
आणि
चार.
मी बोटानं टेबलावर ठेका धरला.
माझं बोट दर वेळी आधी पोचायचं
आणि रिकाम्या वर्गात उभं राहायचं.

दोन वर्षं माझ्या वर्गात होता हा.
प्रार्थना संपली की फाटक वाजायचं,
एक मोजा खाली घसरलेला, केसांत कुसळं.
"सर, मात्शें रावात", वही शोधताना.
"सर, मात्शें रावात", फळ्यापाशी, खडू हातात,
वर्गमूळ जिभेवर आल्यासारखा.
मी थांबत नसे. पुढचं गणित घालत असे.
प्रगतिपुस्तकात लाल शाईनं लिहिलं होतं :
वेळेचं भान नाही.
अक्षर माझं चांगलं आहे, अजून वाचता येत असेल.

आता स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो.
तिथं म्हणे मिनिटाचेही पैसे कापतात.
जाण्याआधीच्या मे महिन्यात, मामाच्या नारळांच्या खोलीत
चौघांनी वाजवलंय हे सगळं.
भिंतींना गोणपाटं ठोकली, तरी गाव आत आलंच :
तिसऱ्या गाण्यात मासळीवाल्याचा भोंगा,
पाचव्यात कुणाचा तरी कुकर, शिट्ट्या दोन.
कापलं नाही त्यांनी काही.

सातव्यात कडवं संपतं, सगळे थांबतात,
आणि त्या थांब्यातून एक स्कूटर जाते.
मडगार्ड खडखडतंय,
तिसरा गिअर पडत नाही म्हणून दुसऱ्यातच कण्हतेय.
मागे फिरवून ऐकलं.
पुन्हा ऐकलं.
विकून चार वर्षं झाली तिला,
पण स्वतःचा खोकला माणूस ओळखतोच.

गुरुवार असणार.
खोर्जुव्याच्या पुलापलीकडे परबांच्या मुलीची शिकवणी,
त्या खोलीवरून मी जायचो चार दहाला,
बरोबर चार दहाला,
लोकांनी घड्याळं लावावीत असा.

आत डेल्विननं काठ्या हवेत धरल्या असतील.
ओळखलंही असेल, कोण ते.
जाऊ दिलं त्यानं मला
वळणापर्यंत, कपेलापर्यंत,
मडगार्डचा शेवटचा खुळखुळाट विरेपर्यंत,
मग ठोका टाकला.

आठवं आणि नववं मी नीट ऐकलं नाही.

बायको डोळे चोळत बाहेर आली.
"हे काय लावलंय? आणि फणस आज चिरायचा की उद्या?"
म्हटलं, मात्शें राव.
ती काही थांबली नाही,
फणस उचलून आत गेली.
मी सातवं परत लावलं.