तुराटीचं माप

अंबडला निघताना पिशवीत घेतलं
पाण्याची बाटली, दोन भाकरी, ठेचा,
आणि हातात एक तुराटी.
"ही कशाला?" हे म्हणाले.
"असू द्या," मी म्हणाले.

दिवस उगवायच्या आत बागेत जाऊन आले होते.
मोसंबीची पाचवी अन् सहावी ओळ,
विहिरीकडून तिसरं झाड,
तिथं फांद्या एकमेकींच्या कानाला लागतात.
तिथं तुराटी आडवी धरली,
दोन्हीकडच्या पानांना वीत-वीत सोडून
मोडली कडकन.
आखाड्याच्या फाटकाची खूण
तिच्यावरच विळ्यानं केली, जरा अलीकडं.

शोरूमची फरशी अशी, की चपला काढाव्या वाटलं.
भावजी थेट मोठ्यापाशी.
"पन्नास एचपी, वहिनी! बसून तर बघा."
मागचं चाक माझ्या खांद्याला लागत होतं.
वाजेद नावाचा पोरगा सांगत होता
गिअर किती, लिफ्ट किती किलोची,
मोबाइल ठेवायला कप्पा कुठं.
मी खाली वाकले,
या चाकापासून त्या चाकापर्यंत तुराटी धरली.
हातभर कमी पडली.
वाजेद हसला.
दुसऱ्याला धरली. चार बोटं कमी.
तेव्हा तो हसायचा थांबला,
आणि बॅटऱ्यांच्या खोक्यांमागं घेऊन गेला मला,
जिथं एक बारका धूळ खात उभा होता.
बावीस एचपी.
तुराटी दोन्ही अंगांनी बाहेर राहिली,
फाटकाच्या खुणेच्याही आत बसला गडी.

मग मी विचारत सुटले.
धुऱ्यापाशी नऊ फूट जागा आहे, तेवढ्यात वळतो का?
फवाऱ्याची टाकी भरल्यावर तोंड वर करतो का?
सायलेन्सर असा आभाळाकडं कामून?
फांद्या करपतील माझ्या. खाली वळवून मिळंल?
शेणाची ट्रॉली, कडब्याच्या पेंढ्या,
उन्हाळ्यात टाकीनं पाणी,
कपाशीत पाळी घालायची तर चाकं आत-बाहेर होतात का?
वाजेदनं वहीत लिहून घेतलं सगळं,
दोन गोष्टी फोन करून विचारल्या.

"काळं रान आपलं," भावजी म्हणाले,
"ढेकूळ निघतं डोक्याएवढं. नांगर ओढंल हे?"
"नाही ओढायचं," मी म्हणाले.
खोटं कशाला बोला.
"नांगरटीला बब्रुवानचा मोठा सांगू, तासावर.
लगीन एका दिवसाचं,
म्हणून रोज का हंडाभर भात टाकायचा?"
भावजी मोठ्याच्या बॉनेटवर
स्वतःचं तोंड बघत उभे राहिले बराच वेळ.
मला त्यांचं वाईट वाटलं, खरं सांगते.
गावात शिरताना मोठा आवाज करून शिरायचं होतं त्यांना.

हे आतापर्यंत गप्प.
बारक्यावर चढून बसले,
तर गुडघे स्टिअरिंगला.
सीट मागं सरकवली, तरी गुडघे स्टिअरिंगला.
तसेच बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांवर.
"फाटकाचं माप घेतलंस," म्हणाले,
"झाडांचं घेतलंस. माझं राहिलं."

मी काय बोलणार.
वीस वर्षं सदरे शिवून आणते यांचे,
कधी आखूड झाला नाही.

खय्युम मिस्तरीनं नवी भोकं पाडून
सीट चार बोटं मागं घेतली.
मला ऐकू जाईल असं म्हणाला,
"भाभी, पुढच्या वेळी मालकाला पण तुराटी लावा."

आता हे बागेत शिरतात तेव्हा
पाचव्या-सहाव्या ओळीत मान खाली घालावी लागते.
हिरवी फळं टोपीला लागत जातात,
टोपी एकदा फांदीवरच राहिली,
आणि यांना धुऱ्याला वळल्यावर कळलं.

तुराटी दाराआड उभी होती पोळ्यापर्यंत.
परवा सरपण ओलं निघालं,
तेव्हा दोन तुकडे करून चुलीत घातली.
चहा लवकर झाला.