उसंत

पत्र आलं तेव्हा मी बर्फाच्या गाडीत पाणी भरत होतो.
साडेचार मिनिटांची आता चार.
एक उडीही कमी.
सिर्काने चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाली,
पेन्टी, कात्री काढ.

कात्री कसली. जुन्या लॅपटॉपवर आवाजाची एक रेघ असते,
राउमाच्या किनाऱ्यासारखी दातेरी.
तिच्यातले तीस सेकंद उचलायचे
आणि उरलेले काठ असे जुळवायचे
की कानाला शिवण लागू नये.
माझी आई लेस विणायची. सांधा दिसला की सगळं उसवायची.

सुरुवातीला हात लावता येईना,
एल्यासला पहिल्या उडीआधी मोठा वळसा लागतो.
शेवटी गिरक्या. गिरक्यांना गुण.
मधे व्हायोलिन तापत जातं तिथे तीन उड्या,
एक हलवली तर तिन्ही कोसळतात.

उरला चेलोचा तुकडा.
त्यात तो काहीच करत नसे.
एका पायावर, हात जरासे उघडे,
या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत
नुसता वाहत जाई.
दम खायची जागा, सिर्का म्हणाली. काढून टाक.

मी तिला सांगितलं नाही
की त्याची आई, आइला,
मासळीच्या कारखान्यातून रबरी बुटांसकट येऊन बसते,
प्रत्येक उडीला डोळे घट्ट मिटते,
आणि आठ वर्षांत तिने पोराला बर्फावर पाहिलंय
ते एवढंच.

कापलं.

थोराड तुओमो खूश होता.
तीस सेकंद वाचले म्हणजे
माझ्या गुडघ्यांना आणखी एक हंगाम, म्हणाला,
आणि मला कॉफी पाजली.
एल्यासचे पाय मात्र जुन्याच घड्याळावर.
त्या जागी आला की आपोआप संथ व्हायचे,
संगीत पुढे निघून गेलेलं असायचं.
आपटायचा. उठून विचारायचा, श्वास कुठे घेऊ?
हवेत घे, सिर्का म्हणायची. ती चेष्टा करत नव्हती.

ऑक्टोबरात तो हवेत श्वास घ्यायला शिकला.
चार मिनिटं, एक सेकंद. एकही पडझड नाही.
टाळ्या वाजल्या तशी आइलाने डोळे उघडले.
झालं?
झालं.
आणि ते मधलं?
मी वायर गुंडाळत राहिलो.

रात्री हॉल रिकामा झाला की गाडी काढतो.
तो तुकडा अजून ठेवलाय माझ्याकडे.
लावतो. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत
गाडीमागे बर्फ ओला, काळा होत जातो.
वळणावर चेलो तुटतो.
उतरून पुन्हा लावायला जावं लागतं.