रिकामं वजन

अंबडच्या वजनकाट्यावर पोचले तेव्हा
लभडे शेठ प्रिंटरवर हात ठेवून उभे होते,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा.
"हा बदलायचा नाही," म्हणाले.
"तीन कागदांतून आरपार ठोकणारी अवलाद
आता निघत नाही."

नऊ पिनांचा. त्यातली एक मेलेली,
म्हणून त्याने छापलेल्या प्रत्येक आठाच्या कमरेला
कोरी रेघ.
ड्रायव्हर लोक खरी पावती त्यावरूनच ओळखतात.

जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड एका रात्री जळाला.
तेव्हापासून तीन महिने हाताने पावत्या.
डिस्क वाचली होती, तिच्यात वजनाचा प्रोग्राम,
कुण्या जाखडीने लिहिलेला;
उघडताना अजून त्याचं नाव सांगतो
आणि सहा आकडी फोन नंबर.
नव्या विंडोजवर तो पाऊल ठेवत नाही.

मग नव्या कॉम्प्युटरच्या पोटात
मी तो जुना मांडला.
डबा नाही, पंखा नाही, धूळ नाही,
नुसती एक चौकट,
चौकटीत हिरवी टेकडी, वर निळं आभाळ.
"पण हा आहे कुठे?" शेठ.
"आहे असं धरायचं."
"कळलं," म्हणाले. "जीएसटीच्या रिफंडसारखं."

प्रिंटर मात्र पुरता खरा.
त्याच्या वायरीला पंचवीस दात,
नव्या डब्याला तसलं तोंडच नाही.
एमजी रोडवरून जोडवायर आणली, ती खोटी निघाली.
दुसरी आणली.

आमच्या कामात बाहेरच्या यंत्राला यजमान म्हणतात,
आतल्याला पाहुणा.
प्रिंटर एका वेळी एकालाच दिसतो;
यजमानाने धरून ठेवला
की पाहुणा उपाशी.

माझं माहेर पंचवटीतलं.
तिथे यजमान म्हणजे स्टँडवरून बॅगा घेऊन आलेला माणूस.
त्याने गाव सांगायचं, आडनाव सांगायचं,
वडील लांबोडकी वही सोडत,
आणि घटकाभरात
त्याच्या पणजोबांची सही त्याच्या समोर.
इथे मी गाव सांगत होते, एलपीटी वन.
पुन्हा सांगितलं.
पाहुणा म्हणाला, असं कुणी इथे राहत नाही.

बाहेर भंगाराचा ट्रक हॉर्न देत होता.
चहावर साय आली.
मी यजमानाची पकड सोडवली,
पाहुण्याच्या यादीत त्या वायरीपुढे खूण केली,
बंद केलं, चालू केलं,
आणि चाचणीचं पान पाठवायला माउस धरला, इतक्यात

प्रिंटर आपणच बोलू लागला.

तोच करवती आवाज. कागद तीन ओळी वर सरकला,
थांबला,
उरलेलं एका दमात.

शेठनी पावती फाडली, घाई न करता,
भोकांच्या पट्टीसकट.
गाडी एमएच पंधरा. माल: लोखंडी चुरा.
भरलेलं वजन १८,८८०,
चारही आठ कमरेत तुटलेले.
रिकामं वजन: पुढे टिंबं.
निव्वळ: टिंबं.
काटा चालक: दौलत निकुंभ.

"रांगेत एक बाकी होतं," मी म्हणाले.
"डिस्कबरोबर आलं."

बोर्ड जळाला त्या रात्री निकुंभच ड्यूटीवर होते.
नवव्या दिवशी गेले.
एवढंच शेठ म्हणाले,
आणि पावती खिशात ठेवावी की फाइलला लावावी
हे न ठरल्यामुळे
तशीच हातात घेऊन खिडकीशी बसले,
भंगारवाल्याला आत घ्यायला.

नवी पावती नीट आली. तारीख बरोबर, तिन्ही प्रती.
माझे बाराशे झाले होते, त्यांनी पंधराशे दिले.

निघताना वाट काट्यावरूनच होती.
लोखंड पायाखाली जरासं दबलं.
"सत्तर!" खिडकीतून शेठ ओरडले,
"बॅगेसकट!"

मी बॅग खाली ठेवायला वाकले.
"राहू दे," म्हणाले,
"रिकामं पुढच्या खेपेला घेऊ."