दुसरी जाळी

डॉक्टर, पडद्यावर बोट ठेवून तुम्ही दाखवलंत
ते मला आधीच कळलं होतं.
एक्केचाळीस वर्षं मालपिकाच्या धक्क्यावर
उपड्या क्रेटवर बसून जाळी सांधतेय मी.
कुठल्या घरात काय अडकतं, मला शिकवू नका.

मार्चात तुम्ही मनगटातून शिरून
ही इवलीशी जाळी माझ्यात सोडलीत.
अठरा मिलिमीटर. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी.
मी विचारलं, ओढायची कधी?
तुम्ही हसलात. ही ओढायची नसते, दोना दोरिंदा.
तेव्हाच पाल चुकचुकली.
पाण्यात विसरलेल्या जाळ्याचं काय होतं
ते धक्क्यावरच्या मांजरांनाही ठाऊक आहे.

सप्टेंबरात चढावर छाती आवळू लागली.
एर्मितासच्या दारापाशी रोज थांबायचे,
बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून.
माझ्या बुटांना नाडीच नाही,
हे तिनं आठव्या दिवशी बोलून दाखवलं.

नाही, गोळी एकही चुकवली नाही.
दाढ ठणकली, तरी काढू दिली नाही.
सुई बोटात गेली की दुपारपर्यंत चिंधी भिजायची,
निळ्या नायलॉनवर माझे डाग,
कप्तान म्हणायचा, मासे आयतेच येतील आता.

मग तुम्ही म्हणालात:
ही गुठळी नाही. शेवाळही नाही.
हे तुमचंच मांस.
जखम भरायला निघालं
आणि थांबायचं विसरलं.

हे मात्र
मला दिसलं नव्हतं.

ब्राइस लहान असताना
त्याच्या गुडघ्यावरची खपली मी रोज पुसायचे,
रोज नवी पट्टी, रोज फुंकर.
तो आता रॉटरडॅमला असतो. फोन आला तर
हवामानाबद्दल बोलतो.

आता म्हणता, जाळीच्या आत दुसरी जाळी.
आम्ही ठिगळ लावतो, डॉक्टर,
जाळ्यात जाळं कुणी घालत नाही.
पण मांसाला पुरे म्हणायला
तुमच्याकडेही शब्द नसावा.

माझ्या हाताखाली इरिया आहे, एकोणीस वर्षांची.
प्रत्येक गाठ इतकी घट्ट ओढते
की शेजारचं घर मिटून जातं.
ओरडावंसं वाटतं. काल ओरडले नाही.
तिच्या हातावर हात ठेवून बसले.

घाला तर.
पण सोमवारी.
शनिवारपर्यंत सार्डिनचं जाळं
पुरं करून द्यायचंय.