बहात्तर तासांचं तिकीट

बहात्तर तासांचं तिकीट आज चार वाजून सतरा मिनिटांनी संपणार,
हे लेशेकनं सकाळी दात घासतानाच सांगितलं,
मग जिन्यात,
मग पावाच्या दुकानातल्या रांगेत, कानाशी येऊन,
जणू माझ्याच अंगावर कुठेतरी ती वेळ छापलेली आहे.

त्याच्या वहीत तीन गोष्टी उरल्या होत्या:
टेकडीवरचा किल्ला, गरम पाण्याचे हौद,
आणि एक संग्रहालय, ज्याचं नाव
चार दिवसांत त्याला एकदाही धड म्हणता आलं नाही.
माझे गुडघे म्हणाले, एक.
मी म्हणाले, बघू.
माझ्या ‘बघू’चा अर्थ चाळीस वर्षांत
तो शिकलाय, पण परीक्षेला बसत नाही.

किल्ल्यावर गेलो. ढग होते.
खाली डॅन्यूब, पोस्टकार्डात निळी,
इथे मात्र कपाच्या तळाशी उरलेल्या कॉफीच्या रंगाची.
त्यानं माझा फोटो काढला. मी त्याचा.
चार दिवस हेच: एकात तो, एकात मी,
पाठीमागचे पूल तेवढे बदलत गेले.
कुणाला तरी सांगू या, आमचा दोघांचा काढा,
तर याला धास्ती, फोन घेऊन पळतील.
पळणार कोण? एक शाळेची सहल होती,
आणि लाल मिरच्यांच्या माळा विकणारी एक बाई,
माझ्याहून म्हातारी, मांडीवर
अर्धा विणलेला मोजा पुन्हा उसवत बसलेली.
तिच्याकडून माळ घेतली.
टार्नूफला आपल्या घरी एवढं तिखट खाणार कोण,
हे लेशेकनं विचारलं नाही.
शेवटच्या दिवशी तो उदार असतो.

हौदापाशी रांग वळसा घालून रस्त्यावर आली होती.
संग्रहालयाला सुट्टी.
मग दोन नंबरच्या ट्राममध्ये बसलो,
ती नदीच्या कडेकडेनं जाते
आणि तिच्यात बसायला मिळतं.
शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले. आम्ही नाही.
चालक सफरचंद खात खात दुसऱ्या टोकाला गेला,
आमच्याकडे बघून त्यानं नुसत्या भुवया उडवल्या.
तीच नदी आता उलटी वाहायला लागली.

पार्लमेंटच्या पुढे काठावर ते लोखंडी बूट आहेत.
काल तिथे उतरलो होतो.
एका लहानशा बुटात कुणी मेणबत्ती ठेवली होती, पावसानं विझलेली.
आम्ही त्यावर काही बोललो नव्हतो.
आज ट्राम तिथून गेली तेव्हा
लेशेकनं वही मिटली,
आणि थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

चार वाजून सतरा मिनिटं झाली
ती मी पाहिली.
चार एकोणीस. एकवीस.
त्याच्या कानामागे दाढीचा साबण तसाच वाळला होता.

चार सत्तावीसला ती आली,
दंडावर पट्टी, नखं कुरतडलेली, आमच्या पुतणीच्या वयाची पोर.
तिकिटावर बोट ठेवलं, मग घड्याळावर.
लेशेक जागा झाला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.
एकतीस वर्षं पोस्टात तिकिटं मोजलेला माणूस,
जन्मात कधी विनातिकीट नाही.
त्यानं पोलिशमध्ये माफी मागितली,
तिनं हंगेरियनमध्ये समजून घेतली,
आणि दंड केलाच.

केलेतीच्या फलाटावर, गाडीला अजून तासभर असताना,
त्यानं पावती चष्म्याजवळ धरून वाचली.
तारीख. ट्रामचा नंबर. खाली आम्ही दोघं,
लेशेकमधलं एक अक्षर गळालेलं,
याद्विगामध्ये एक जास्तीचं.
एवढ्या फोटोंत एकदाही नव्हतो असे,
एकाखाली एक, एकाच हस्ताक्षरात.

तू जागी होतीस ना, तो म्हणाला.
मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
आत मिरच्या वाजल्या,
सुकलेल्या बियांचा बारीक आवाज.
पावती त्यानं वहीत ठेवली,
संग्रहालयाच्या पानावर.