शेरा

ऐरोलीच्या दिवा जेट्टीवर, पावणेसहाला,
हसुराम मढवी होडीतलं पाणी उपसत होता
तेलाच्या कापलेल्या डब्यानं.
"कंचा पक्षी?"
मी हात लांब करून चोच दाखवली,
मग हनुवटीखाली ओंजळ धरली.
"भिकारी काय?" म्हणाला, आणि हसला.

तीन हिवाळे वहीतली त्याची ओळ कोरी आहे.
बाकी सगळं पाठ:
रोहित उडतो काठीसारखा, मान पुढे, पाय मागे.
चित्रबलाकही मान ताणतो.
झोळीवाला मानेची घडी घालतो, खांद्यांत ठेवतो,
पंगतीत उशिरा बसलेल्या जड माणसासारखा,
आणि पंख मारायची घाई करत नाही.
पंखांची मागची कड काळी, तर गुलाबी झोळीवाला.
मळकट राखाडी, चोचीवर ठिपके, तर दुसरा.
पुस्तकात दोघे शेजारी उभे आहेत,
खाडीत कुणी तसं उभं राहत नाही.

ओहोटी लागली.
पहिला पांढरा ठिपका: थर्माकोल.
दुसरा: थर्माकोल, त्यावर बगळा.
तिसरा बराच वेळ हलला नाही
म्हणून माझाच श्वास हलला.
दुर्बीण लावली.
सिमेंटची गोणी, वाऱ्यानं फुगलेली.

"पक्षी नको बगू," हसुराम म्हणाला, "पानी बग.
बोयटा खं उरतान तं बग."
इंजिन बंद केलं त्यानं.
तिवरांत चिखल फुटत होता, टप्, टप्,
आणि लांब पुलावर ट्रक.

आठ वाजत आले असतील.
होडीवरून एक सावली गेली,
दोन वल्ह्यांएवढी.
दुर्बीण गळ्यातच राहिली.
मानेची घडी, हो.
चोचीखाली सैल कातडं, हो.
पंखांची मागची कड—
नेमका तिथं सूर्य.

घणसोलीच्या टॉवरांपाशी
त्याला हवेत जिना सापडला.
गोल गोल चढत गेला,
नववा मजला, चौदावा, पाण्याची टाकी,
मग मजलेच संपले.

"कोणता होता?" मी विचारलं,
जसं काही पुस्तक त्याच्याकडे होतं.
हसुराम पागाची गाठ सोडवत होता, दातांनी.
"जेवलेला व्हता," म्हणाला.
"भुकेला आसता तं खाली बगत गेला आसता."

वहीत तारीख लिहिली, वारा, ओहोटीची वेळ.
नाव: झोळीवाला. पुढची जागा सोडली.
संख्या: एक.
शेरा: जेवलेला होता.