शिंक

तोयामाच्या कारखान्यात रात्रपाळीला
बोलायचं नाही असा नियम नाही,
पण कोणी बोलत नाही.
वर पातेल्यात (पातेलं मीच म्हणते, होरिगुचीला ते आवडत नाही)
राळ वितळलेली असते, पातळ मधासारखी,
आणि चकतीच्या पाचशे भोकांतून
पाचशे धागे खाली उतरतात,
दिसले न दिसले असे.

केसाहून बारीक, हे सांगणं सोपं.
पण केस ताणला तर ताणतो, वळवला तर वळतो.
हा कच्चा धागा नुसता मोडतो.
शेजारून कोणी झपझप गेलं
तर त्याच्या कोटाच्या वाऱ्यानं मोडतो.
अकरा वर्षं मी तोंडाला फडकं बांधून
त्याच्या अवतीभवती सावकाश चालते आहे.
घरीसुद्धा आता दार हळू लावते.

काल मला शिंक आली.

आमच्याकडे म्हणतात, एक शिंक म्हणजे कुठंतरी कौतुक चाललंय,
दोन म्हणजे निंदा.
मला एकच आली. तेवढी पुरली.
हात हलला, पाचशेच्या पाचशे गेले,
रिळावर पिवळट भुगा.
होरिगुचीनं नोंदवहीत लिहिलं: ३.१२. कारण, शिंक.
मग खोडलं. लिहिलं: कारण, हवा.
मी काही म्हटलं नाही. तोही नाही.

जे वाचतं ते भट्टीत जातं.
आधी कोमट हवेत तासन्‌तास,
म्हणजे पुढच्या आचेत वितळून एकमेकांना चिकटू नये.
मग नायट्रोजनमध्ये, बाराशे अंशांवर.
आत काय होतं ते आम्हाला दिसत नाही.
पिवळं जातं, काळं येतं,
आखडून, वजन टाकून,
आणि असं की आमच्या कात्र्या महिन्याभरात बोथट होतात.
पुढे म्हणे ते विमानाच्या इंजिनात बसतं,
जिथं पोलादही मऊ पडतं तिथं.

आज सकाळी अस्तनीच्या दुमडीत
त्यातला बोटभर तुकडा सापडला.
गॅसवर बांगडा भाजत होते.
चिमट्यात धरून तुकडा ज्योतीत घातला.
लाल झाला. बाहेर काढला,
पुन्हा काळा, होता तसा सरळ.
पुन्हा घातला. पुन्हा तसाच.
किती वेळ गेला कोण जाणे.

धुरानं मला शिंका आल्या. दोन.
चिमट्यात धागा जागच्या जागी होता.
समोर केइजो
करपलेला बांगडा काडीनं उलटा करून बघत होता.